गोदरीचा नकाशा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी ‘स्त्री-अभ्यास’ नावाचा नवा विषय घेतला, तेव्हा आमच्या घराची चार दिवस फुकट करमणूक झाली. बाबा म्हणाले, “बाईनं बाईचा काय अभ्यास करायचा? आरशापुढं उभी ऱ्हा, झाला अभ्यास.” माय भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “त्याला कालेजात कामून जायचं? हितं चुलीपुढं बस. शिकविते बी मीच आन् परीक्षा बी मीच घेते, रोजच्या रोज.” पुढं आयुष्यभर हाच विषय शिकवून मी पोट भरलं, सभा गाजवल्या. लोक विचारतात, बाई, तुम्हाला ही प्रेरणा कुठून मिळाली? मी गंभीर चेहरा करून काहीतरी सांगते. खरं कारण टँकर होता. आमच्या गल्लीत टँकर सकाळी यायचा. एकीनं नंबर धरायचा आणि एकीनं घागरी वाहायच्या, म्हणून मायला मी लागायचेच. अर्थशास्त्राचा तास नेमका त्याच वेळी, आणि स्त्री-अभ्यासाचा दुपारी अडीचला. घेतला अडीचचा. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. बायकांचे निम्मे निर्णय पाण्याच्या वेळा बघून होतात, हे पुढं त्याच विषयात मला शिकवावं लागलं.

आम्ही मूळचे बिलोलीचे. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, आणि बाबांची शिपायाची बदली तिथल्या एका कचेरीत झाली. कचेरीचं नाव मी घालत नाही. तिची इमारतही आता तिथं नाही. बाबांना त्या बदलीचा केवढा अभिमान! पितळी तांब्यात निखारे घालून माय त्यांच्या खाकी कपड्यांना इस्त्री करायची, आणि ते कडक कपडे घालून बाबा गल्लीतून असे जायचे की जिल्हा त्यांनीच मंजूर करून आणलाय. मायला मात्र लातूर अजिबात मानवलं नाही. बिलोलीत घरामागं ओढा होता, बांधावर अंबाडी होती, भिंतीपलीकडची शेजारीण निम्मं तेलुगू बोलायची आणि दोघींचं छान चालायचं. इथं गावाच्या पार कडेची पत्र्याच्या घरांची गल्ली, आणि पुढं उघडं रान. पाऊस सलग हुकलेला. गल्लीतले पुरुष पारावर बसून “आता आपुन जिल्ह्याचं गाव हाय” म्हणायचे. माय घागरी घेऊन जाता जाता ऐकवायची, “मग दोन घागरी भरून आणा की जिल्हा.” दिवसभर पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज. सगळीकडं भिंती उठत होत्या. जेवताना ताटात दगडाची भुकटी यायची, आणि टँकरच्या पाण्यामुळं वरणाला डिझेलचा वास. हिरवी भाजी दिसायची नाही. मायनं बिलोलीहून येताना वाळवलेली अंबाडी गाठोड्यात बांधून आणली होती. ती आठवड्यातून एकदा चिमूटभर निघायची, तुरीच्या डाळीत घोटली जायची, आणि त्या दिवशी आम्ही कुणीच जास्त बोलायचो नाही. बाकी दिवस येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी, भाकरी, आणि शेंगदाण्याची चटणी. आजही मला येसराचा वास आला की कानात छिन्नी वाजते.

गल्लीत दोन घरांशी आमचं जास्त होतं. एक गुरम्मा काकूंचं. त्या उदगीरकडच्या, गळ्यात लिंग, बोलता बोलता मधेच “अय्यय्यो, शिवने!” म्हणणाऱ्या. त्यांचे यजमान वीरभद्राप्पा किराणा दुकान चालवायचे, आणि स्वतःला गल्लीचे कलेक्टर समजायचे. दुसरं घर शेवटचं, आनंदी आत्याचं. आनंदी आत्या ही तुळजापूरच्या देवीची आराधी. नऊवारी साडी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. जन्माला आली तेव्हा घरच्यांनी नाव आनंदा ठेवलं होतं, आणि गल्लीतले पुरुष तिला अजून आनंदाच म्हणायचे. बायका आणि आम्ही मुली आत्या म्हणायचो. तिच्या हनुवटीवर सकाळचे खुंट असायचे, आवाज घोगरा होता, आणि तिच्या हातचे धपाटे असे असायचे की गुरम्मा काकूसुद्धा सोवळं गुंडाळून ठेवून खायच्या. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवीचा अंगारा कुणी लावत नव्हतं. तरी आत्या जोगवा मागत आली की माय तिच्या परडीत पसाभर पीठ घालायची. बाबा एकदा म्हणाले, “आपुन देव सोडलं ना?” माय म्हणाली, “देव सोडलं. माणसं कुठं सोडली?”

कॉलेजात त्या विषयाला आम्ही नऊजणी होतो आणि एक पंखा होता, जो फिरायचा नाही. शिकवायला नांदेडहून नव्या आलेल्या सरोज मॅडम. सुती साडी, मोठं घड्याळ, आणि वर्गात खुर्चीवर न बसता टेबलावर बसायच्या. आधीच्या कुठल्याही तासाला मी इतकी जागी राहिले नव्हते. घरातली शेवटची भाकरी कोण खातं, हा प्रश्न वर्गात विचारता येतो. दवाखान्यात आधी कुणाला नेतात, याला कारण असतं. पुरुष असणं आणि बाई असणं हे अर्धं अंगावर असतं आणि अर्धं लोकांच्या डोळ्यांत. हे ऐकताना मला कुणीतरी धरून हलवतंय असं व्हायचं. मी घरी येऊन मायला सांगायचे, आणि माय म्हणायची, “हे तर मला ठावं हाय.” मला राग यायचा. आता वाटतं, किती खरं बोलत होती. तर त्या मॅडमनी एकदा काम दिलं, वीस मार्कांचं. आपल्या वस्तीचा नकाशा काढायचा, पण रस्ते, शाळा, बँक असला सरकारी नाही. आपली आई, चुलती, शेजारीण दिवसभरात जिथं जिथं जातात, त्यांचा. आणि जागेला त्या बायका जे नाव देतात, तेच लिहायचं.

आता मला बायकांच्या गोदरीबद्दल सांगावं लागेल. नाक मुरडणाऱ्यांनी दोन पानं सोडून पुढं जावं. गल्लीत एकाही घरात संडास नव्हता. एरवीच्या वर्षी रानात ज्वारी उभी असते, तूर असते. बाईला आडोसा मिळतो. पण त्या वर्षी पीकच नाही, तर आडोसा कुठला? रान तळहातासारखं उघडं पडलेलं. दुष्काळावर इतकी पुस्तकं निघाली, पण बाईनं बसायचं कुठं, हे त्यातल्या एकातही मला सापडलं नाही. सगळ्या गल्लीला एकच आडोसा उरला होता. जुन्या चुन्याच्या भट्टीमागचं येड्या बाभळीचं बेट. पुरुष पार पलीकडं नाल्याकडं जायचे. हे बेट बायकांचं. पहाटे तांबडं फुटायच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही टमरेल घेऊन निघायचो. आणि तिथं नुसतं ते एकच काम व्हायचं असं समजू नका. कुणाची सून रडली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, टँकरवाला कुणाला झुकतं माप देतो, सगळं तिथं. पुरुषांचा पार होता, आमचं बेट होतं. जागांना नावं होती. भट्टीच्या भिंतीजवळ भांडणं मिटायची, ते ‘कोर्ट’. नव्या सुना जिथं घोळक्यानं बसून सासवांचा उद्धार करायच्या, ते ‘माहेर’. एक बाभूळ फार आडवी आलेली, येता जाता पदर धरायची, काटे तरी किती. तिचं नाव ‘वीरभद्राप्पा’. ते मुद्दाम ठेवलं होतं, कारण गुरम्मा काकूंना नवऱ्याचं नाव घेता यायचं नाही. त्या बिचाऱ्या “ती… ती आपली वाकडी” म्हणायच्या, आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या. मधून एक दगडांची ओळ गेली होती. तिच्या एका बाजूला आमच्या बायका बसायच्या, दुसऱ्या बाजूला बाकीच्या. कुणी घातली, कधी घातली, कुणी विचारत नव्हतं. बोलणं ओळीवरून जायचं, माणसं जायची नाहीत. आणि अगदी टोकाला, एका दाट झुडपाआड, आनंदी आत्या. तिला तिथं कधीपासून येऊ दिलं, हेही कुणी विचारत नव्हतं. ती पुरुषांच्या नाल्याकडं गेली असती तर तिचं काय झालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती आमच्यात यायची. पुरुषांना याचा पत्ता नव्हता, आणि बायकांनी तो लागू दिला नव्हता.

मी काम करायला घेतलं त्याच आठवड्यात बेटाभोवती पांढऱ्या चुन्याची रेघ पडली. कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट्या. बाबांकडून कळलं, त्यांच्याच कचेरीचं आवार वाढायचंय, बेट तोडून भिंत घालायची, पंधरा दिवसांत काम सुरू. पहाटे बायका त्या रेघेकडं बघत उभ्या राहिल्या. गुरम्मा काकू म्हणाल्या, “अय्यय्यो, आता आपण जायाचं कुठं?” आपापल्या नवऱ्याला सांगायला हवं होतं, पण सांगायचं काय? ही गोष्ट कुठल्या तोंडानं काढायची? मायनं बाबांपुढं काढायचा प्रयत्न केला, तर बाबा म्हणाले, “सरकारी काम हाय. मंग काय साहेबाला जाऊन सांगू, की आमच्या बायका तिथं…” आणि वाक्य तसंच सोडून ते तंबाखू मळत बसले.

मला वाटलं, मी सांगेन. एकोणीस वर्षांची होते, हातात विषय होता, डोक्यात हवा होती. मी आठ दिवस खपून मोठ्या कार्डशीटवर बेट काढलं. एक एक झुडूप, एक एक नाव, दगडांची ओळ, चुन्याची रेघ लाल शाईनं. ‘कोर्ट’, ‘माहेर’, ‘वीरभद्राप्पा’, आणि टोकाला ‘आनंदी आत्याचं झाड’. एकीलाही विचारलं नाही. मला वाटलं, यात विचारायचं काय? मी त्यांच्यातलीच ना! सरोज मॅडमनी तो टेबलावर पसरून एक एक नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाल्या, “हा नकाशा भिंतीवर लागला पाहिजे, सुमन.” गॅदरिंगचं प्रदर्शन होतं. त्यांनी तो आमच्या वर्गातच, दारासमोर लावला. मी इतकी फुगले होते की सांगता सोय नाही.

प्रदर्शनाला गावातले व्यापारीही येतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वर्गणी दिलेली म्हणून वीरभद्राप्पा आले, पांढरं धोतर, हातात छत्री. नकाशापुढं पोरं हसत होती. त्यांनी चष्मा लावला आणि बायकांच्या गोदरीत स्वतःचं नाव वाचलं, काट्याच्या झुडपावर. पोरं आणखी हसली. माणसाची फजिती झाली की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. अप्पांनी तेच केलं. छत्रीचं टोक नकाशाच्या कडेला टेकवून ते मोठ्यानं म्हणाले, “आन् हे काय? हा आनंदा आराधी बायकांत जाऊन बसतो? आमच्या बायकांत?” हसणं थांबलं. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय लिहून ठेवलंय.

संध्याकाळपर्यंत गल्लीत गोळा फुटला. पारावर पुरुष जमले. आमची इज्जत भिंतीला टांगली, इथून सुरुवात झाली आणि त्या आराध्याला गल्लीतून हाकला, इथपर्यंत गेली. बाबा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, “उद्यापासून तुझं कालेज बंद.” माय काहीच बोलली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. पहाटे तिच्यामागं टमरेल घेऊन बेटाकडं गेले. लांबून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. मी पोचले आणि ती बंद झाली. एकदम. झुडपाझुडपातून शांतता. मी बसले तिथं, रडले, आणि उठून आले. मारलं असतं तर परवडलं असतं. बोलणं बंद झालं की बाईला काय होतं, ते त्या पहाटे मला कळलं.

आनंदी आत्या बेटाकडं यायची बंद झाली. ती एकटीच लांब नाल्याच्या पात्राकडं जायला लागली. तिसऱ्या दिवशी उजाडता ती परत आली ती कपाळ धरून. मळवटातून रक्त येत होतं. नाल्यावर टपून बसलेल्या कुणी दगड मारले होते. गुरम्मा काकू दुकानाची फळी उघडत होत्या. त्यांनी आत्याला तिथंच पोत्यावर बसवलं, बरणीतली हळद मूठभर काढली आणि जखमेवर दाबली. अप्पा आतून म्हणाले, “दुकानात कशाला घेतलं त्याला?” काकूंनी मागं न बघता उत्तर दिलं, “हळद माझ्या हातात हाय. तुमच्या डोळ्यांत जाईल, गप बसा.” मग पदर खोचून त्या आमच्या दारात आल्या आणि मायला म्हणाल्या, “सुमनची माय, ते कालेज कुठं हाय गं?”

मला त्यांनी वाट दाखवायला पुढं घातलं. बोललं मात्र कुणी नाही. मागून माय, गुरम्मा काकू, कपाळाला फडकं बांधलेली आनंदी आत्या, आणि गल्लीतल्या आणखी सात-आठ बायका. शिपायानं फाटकावर अडवलं, तर माय म्हणाली, “माझा नवरा बी शिपाईच हाय, बाजूला व्हा.” सरोज मॅडम वर्गातच होत्या. नकाशा अजून भिंतीवर होता. बायका त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. माय तीन दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: “वाच.” मी वाचलं. बोट फिरवत, एक एक नाव. ‘वीरभद्राप्पा’ला कुणी हसलं नाही. वाचून झालं तशी काकू मॅडमकडं वळल्या. “तुमी येवढं शिकलेल्या. पोरीला काढाया शिकविलं, लिवाया शिकविलं. ज्याचं हाय त्याला इचारायचं असतंय, ते न्हाई शिकविलं?” मॅडमचा चेहरा उतरला. टेबलावरून उतरून त्या सरळ म्हणाल्या, “चुकलं माझं.” मोठ्या माणसानं, त्यातही मास्तरणीनं, असं म्हणताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मीही म्हणायला तोंड उघडलं, पण नुसतं रडूच आलं. आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “रडून राहिलीस कामून? बघू दे की नीट. माझं झाड लई लहान काढलंय हिनं.”

आणि मग चमत्कार झाला, दुसरं काय म्हणू! बायका त्या नकाशाजवळ सरकल्या आणि भांडायला लागल्या. ‘माहेर’ इतकं भट्टीला चिकटून नाही. ‘कोर्ट’ रेघेच्या आत येतंय का बाहेर? बोटं फिरायला लागली. कुणीतरी दगडांच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे कशाला काढलं?” मी म्हटलं, “हाय म्हणून काढलं.” त्या बाईनं बोट काढून घेतलं आणि पुढं सरकली. काकू मात्र तिथं थोडा वेळ थांबल्या. आम्ही रोज जाऊन आलेली जागा होती, पण सगळ्यांनी मिळून ती एकदम अशी कधी बघितली नव्हती. माय लाल रेघेवरून बोट नेत होती. भट्टीपर्यंत आली आणि म्हणाली, “भिंत ह्या अंगानं वळविली तर? समदं बेट ऱ्हातं की.” मॅडम म्हणाल्या, “मी येऊ का तुमच्याबरोबर?” माय म्हणाली, “नको. तुमी आला तर साहेब तुमच्याशीच बोलल.” तिनं नकाशाच्या टाचण्या काढल्या, गुंडाळी केली, आणि काखेत मारली.

कचेरीत बाबा साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेले. आम्हाला बघून त्यांचा रंग उडाला. “तू हितं कामून?” ते कुजबुजले. “साहेब मीटिंगमध्ये हायत. जा, घरी बोलू.” माय म्हणाली, “घरी बोलले होते. तुमी तंबाखू मळत बसला.” आजूबाजूचे कारकून माना वर करून बघायला लागले. बाबांनी एकदा मायकडं बघितलं, एकदा मागच्या बायकांकडं, एकदा आत्याच्या कपाळावरच्या फडक्याकडं. मला वाटलं, आता ओरडणार. ते स्टुलावरून उठले, खाकी शर्ट खाली ओढला आणि दाराचा पडदा बाजूला धरून उभे राहिले. माझ्या बापाबद्दल मी कुरकुरत असते, पण तो पडदा मी विसरणार नाही.

आत साहेब आणि तीन पुरुष बसले होते. मायनं कुणाला न विचारता टेबलावर नकाशा पसरला आणि कडांवर साहेबांचीच पेपरवेटं ठेवली. “काय आहे हे?” साहेब म्हणाले. आता ती काय शब्द वापरणार? माय म्हणाली, “साहेब, ही आमची बायकांची हागायची जागा हाय. तुमी भिंत घालून राहिलाव.” एका माणसाला ठसका लागला. साहेब म्हणाले, “बाई, ती सरकारी जमीन आहे. पडीक आहे.” माय म्हणाली, “पडीक कशी? आख्खी गल्ली रोज दोनदा तिथं जाती. रानात औंदा ज्वारीचं एक ताट उभं न्हाई साहेब, आडोसा म्हणून येवढंच हाय. तोडलं तर आमच्या पोरीबाळींनी तुमच्या भिंतीआड बसायचं का?” साहेब मान खाली घालून नकाशा बघायला लागले. खूप वेळ बघितला. मग मान वर करून एकेकीकडं बघत बघत त्यांची नजर आत्यापाशी थांबली. हनुवटी, मळवट, कवड्या. “ह्या… सगळ्या बायकाच वापरतात ना? कारण तुमच्याच गल्लीतून माझ्याकडं वेगळी तक्रार आली आहे.” आत्या दाराकडं एक पाऊल सरकली. माय तोंड उघडणार, तोच गुरम्मा काकूंनी आत्याचा हात धरून तिला ओढून पुढं घेतलं, स्वतःच्या आणि मायच्या मधे उभं केलं. ज्या काकू बेटात दगडांच्या ओळीपलीकडून बोलायच्या, त्यांचा खांदा आमच्या खांद्याला लागला होता. “हाव साहेब,” काकू म्हणाल्या, “समद्या बायकाच हायत. मोजून घ्या.”

साहेबांनी मोजलं नाही. मला वाटतं, त्यांना आम्ही लवकरात लवकर खोलीबाहेर जायला हव्या होतो. त्यांनी समोरच्या माणसाला सांगितलं, झाडं तोडू नका, भिंत भट्टीच्या अलीकडून वळवा, तिकडं पुढं कधी सार्वजनिक संडास होतील तेव्हा बघू. भिंत वळली. आराध्याला हाकला म्हणणारे पारावर अजून म्हणत राहिले, पण पुढं कुणी काही केलं नाही; त्यांच्या बायकाच त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या, तर करणार काय! त्या संध्याकाळी अंबाडीचं वरण होतं. बाबा जेवता जेवता म्हणाले, “साहेबांनी मला इचारलं, ती पुढची बाई कोण? मी म्हणलं, हाय एक आमच्या गल्लीतली.” माय म्हणाली, “लई उपकार.” मी भीत भीत विचारलं, “कॉलेज?” बाबांनी मायकडं बघितलं. माय म्हणाली, “बंद त्यांनी म्हणलं होतं. मी कुठं म्हणले?”

आता त्या भागात घरोघर संडास आहेत, आणि चांगलंच झालं. कुणी असं म्हणू नये की बाई म्हातारपणी गोदरीचे गोडवे गाते. काट्यात बसायचे दिवस परत नकोत. पण माझ्या विद्यार्थिनी गावोगाव माहिती गोळा करायला निघतात ना, तेव्हा मी त्यांना आधी एक तास नुसतं विचारायला शिकवते. त्यांना वाटतं, बाई वेळ काढतात.

कचेरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मायच्या मागं बेटाकडं गेले. लांबून बोलणं ऐकू येत होतं. मी पोचले. बोलणं थांबलं. मी मागं फिरायला लागले. मग टोकाच्या झुडपातून आनंदी आत्याचा घोगरा आवाज आला, “कोण, सुमन का? ये, बस. मी सांगून राहिले होते…” आणि तिनं सांगायला घेतलं. तरुणपणी तिच्या बाबतीत घडलेली गोष्ट, तिनं आजवर कुणाला न सांगितलेली. दगडांच्या ओळीच्या दोन्ही अंगांना बायका कान देऊन बसल्या होत्या. मधेच कुणी हुंदका दिला, मधेच सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. उजाडत आलं तेव्हा आत्या उठली, साडी झटकली आणि म्हणाली, “सुमन, हे मातर लिवायचं न्हाई बरं का.”

ते मी लिहिलं नाही. इथंही लिहीत नाही.